केजीएफचा नकाशा: शाफ्ट आणि शीर जुळू लागले

कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्स (केजीएफ) या बंद सोन्याच्या खाणींच्या माझ्या नकाशाचा दुसरा थर या आठवड्यात पुरा झाला. पहिल्या थरात बंगारपेटहून मारिकुप्पमला जाणारा रेल्वेफाटा आणि रॉबर्टसनपेट, अँडरसनपेट या वस्त्या होत्या. आता उपग्रहचित्रावर जुने शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरी, बसवले, आणि ज्यासाठी हे सगळं मांडलं ते दिसायला लागलं.

उत्तरेकडून बालाघाट, नंदीद्रुग, ऊरगाम, चॅम्पियन रीफ, म्हैसूर अशा खाणी जवळजवळ एका रेषेत येतात. ही रेषा म्हणजेच चॅम्पियन शीर. सोनं धरणारी ही गारगोटीची शीर दक्षिणोत्तर धावते आणि खाली जाताना पश्चिमेकडे कलते. त्यामुळे सुरुवातीची कामं शिरेच्या माथ्याशी आहेत, आणि खोलवर तिला गाठायला खणलेले सरळ उभे शाफ्ट पश्चिमेला सरकलेले दिसतात. चॅम्पियन रीफचा गिफर्ड शाफ्ट याचा उत्तम नमुना. कोणाला जमिनीवरून जमिनीखालचं वाचायला शिकायचं असेल, तर भारतात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश खाणकंपनी इथे 1880 मध्ये आली. 1902 मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे 148 किलोमीटर लांब तारा ओढून वीज आणली. बंगळुरूत दिवे लागले ते त्यानंतर. चॅम्पियन रीफ जमिनीखाली तीन किलोमीटरच्याही पलीकडे गेली. तिथला खडक हाताला भाजेल इतका तापलेला, आणि दाबाखाली अचानक फुटणारा. खडकाच्या या स्फोटांत कितीतरी कामगार गेले. आधाराला लाकूड पुरेना, म्हणून पुढे घडीव ग्रॅनाइटच्या भिंती रचल्या. शाफ्टवरच्या मनोऱ्यांचे फोटो सगळेच काढतात, पण या खाणीचं खरं बांधकाम हे आहे, आणि ते आज पाण्याखाली आहे. 28 फेब्रुवारी 2001 ला भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीनं काम थांबवलं, पंपही थांबले.

हीथकोट शाफ्टला नकाशावर वेगळा रंग दिलाय. 2.3 किलोमीटर खोलीवर, म्हणजे अवकाशातून येणारे बाकीचे कण खडकात अडतील आणि न्यूट्रिनो तेवढे पोचतील अशा जागी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं ओसाका सिटी आणि डरहॅम विद्यापीठांसोबत उपकरणं मांडली होती. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, खुणा 1965 मध्ये तिथे टिपल्या गेल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही तेच साधलं. आपल्याकडे ही गोष्ट फार कमी सांगितली जाते, याचं मला वाईट वाटतं.

तिसऱ्या थरात सायनाइडच्या टेकड्या घेतोय. सायनाइड वापरून सोनं काढल्यावर उरलेला खडकाचा भुगा वर्षानुवर्षं इथे साठत गेला. वाऱ्यात ही भुकटी वस्तीवर येते, म्हणून टेकड्यांच्या कडांबरोबर वाऱ्याची दिशाही नोंदवणार आहे. जाणार असाल तर परवानगी काढूनच जा. कुंपणाआतल्या शाफ्टांच्या तोंडाजवळ जमीन पोकळ आहे. टेकड्यांचे जुने, तारीख असलेले फोटो कोणाकडे असतील तर कळवा. आकार कसा बदलला ते त्यावरून आखता येईल.