एकसष्टावा दिवस

9 जून 2023, शुक्रवार. साडेदहाला कोर्टाचं आवक टेबल उघडलं तेव्हा समोर मी एकटाच होतो, हातात जामिनाचा दोन पानी अर्ज. क्लार्कनी शिक्का मारून तारीख टाकली. म्हटलं, "भाऊसाहेब, वेळ पण टाका." ते म्हणाले, "वेळ कोण टाकतं, वकीलसाहेब?" मी हललो नाही. शेवटी त्यांनी शिक्क्याखाली पेनानं लिहिलं, 10.42.

फौजदारीत मला बावीस वर्षं झाली. खून, दरोडे, चेकच्या केसेस, पोटगी, सगळं चालवलं. पण गरीब आरोपीचं आयुष्य उलटतपासणीपेक्षा दिवस मोजण्यानं जास्त वाचतं, असं माझं ठाम मत झालंय. सीनियरनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, अटकेची तारीख एक वेळ विसर, पहिल्या रिमांडची, म्हणजे कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली ती, विसरू नकोस.

मुलगा एकोणीस वर्षांचा, वीटभट्टीवरचा. रात्री एका मोटारसायकलवाल्याला अडवून मोबाईल हिसकावल्याचा आरोप. तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं कलम 392, जबरी चोरी. विधी सेवा प्राधिकरणाच्या जेलभेटीत तो मला सापडला. तोवर त्याला वकीलच नव्हता. पहिली रिमांड 10 एप्रिलची. अशा गुन्ह्यात तिथून साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपी जामीन मागू शकतो आणि कोर्टाला तो द्यावाच लागतो. (आता नव्या संहितेत हे कलम 187 मध्ये आहे, तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं 167(2) होतं.) मात्र मागावा लागतो, आणि तोही दोषारोपपत्र यायच्या आत. रिमांडचा दिवस मोजायचा की सोडायचा, यावर वर्षानुवर्षं वाद होता. तो मोजायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं त्याच मार्चमध्ये सांगितलं होतं. म्हणजे 8 जूनला साठ भरले.

सव्वाबाराला पैरवी हवालदार, म्हणजे पोलीस ठाण्याचं कोर्टातलं काम पाहणारे, दोषारोपपत्राचा गठ्ठा घेऊन आले. सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, तयारच होता: शिक्षा दहा वर्षांपर्यंत, म्हणून मुदत नव्वद दिवसांची; शिवाय दोषारोपपत्र आलंच आहे, अर्ज निकाली काढावा.

मी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पुढे केले. 2017 चा राकेश कुमार पॉल: फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर नव्वद दिवस तेव्हाच, जेव्हा किमान शिक्षा दहा वर्षं असेल. 392 मध्ये दहा ही किमान शिक्षा नव्हती. आणि 2001 चा उदय मोहनलाल आचार्य, आपल्याच राज्यातला: अर्ज आधी पडला, तर नंतर आलेल्या दोषारोपपत्रानं हक्क जात नाही. न्यायाधीश मॅडमनी अर्ज उलटून शिक्का पाहिला. 10.42 वर त्यांचं बोट थांबलं, तेव्हा मला श्वास घेता आला.

जामीन मंजूर झाला. पंधरा हजारांचा, एक जामीनदार.

खरी अडचण इथे होती. त्याच आचार्य निकालात असंही आहे की जामिनाची पूर्तता केली नाही, तर हा हक्क हातचा जातो. मुलाची आई बाहेर व्हरांड्यात उकिडवी बसलेली. सातबारा नाही, गाव तीन जिल्हे पलीकडे, ओळखीचा जामीनदार कुठून आणणार? मी पुन्हा आत गेलो आणि 1978 चा मोतीराम खटल्याचा निकाल काढला. मोतीराम गवंडी होता. दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून त्याची जामीनकी नाकारली होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. मॅडमनी वाचलं आणि जामीनदाराऐवजी सात हजार रोख भरायला परवानगी दिली.

"सात हजार?" आईनं विचारलं आणि उठून निघून गेली. मला वाटलं, गेली ती गेलीच.

साडेतीनला ती परतली. नाझरच्या, म्हणजे कोर्टात पैसे भरून घेणाऱ्याच्या, खिडकीत तिनं पाचशेच्या चौदा नोटा ठेवल्या. नोटांना विटांची तांबडी धूळ लागलेली होती. भट्टीमालकाकडून उचल आणली होती, पुढच्या हंगामातल्या दोघांच्या कामावर. मी पावती नीट घडी करून तिच्या पिशवीत ठेवली आणि सांगितलं, "मावशी, ही हरवू नका. केस संपली की पैसे परत मिळतात." तिनं मान हलवली. पण केस कधी संपेल, हे तिनं विचारलं नाही, आणि मलाही सांगता आलं नसतं.

सुटकेचा आदेश संध्याकाळच्या आत जेलवर पोचला. सातच्या सुमारास छोट्या दारातून तो वाकून बाहेर आला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि त्याच दमात सांगत होती, "चल लवकर. आभाळ आलंय. मालकानं आत्ताच बोलावलंय, कच्च्या विटा झाकायच्यात."