कार्ड घासलं, पण पैसे कोणाचे गेले?

दुकानातल्या स्वाइप मशीनला डेबिट आणि क्रेडिट ही दोन्ही कार्डं सारखीच. कार्ड खाचेत घालायचं, रक्कम बघायची, चार आकडी पिन दाबायचा, पावती फाडून हातात. म्हणून पाकिटातून जे कार्ड आधी हाताला लागेल ते बरेच जण पुढे करतात. व्यवहार सुरळीत झाला तर काही बिघडतही नाही. फरक कळतो तो काहीतरी अडल्यावर.

समजा 18,400 रुपयांचं वॉशिंग मशीन घेतलं. डेबिट कार्ड असेल तर बँक खात्यात तेवढे पैसे आहेत का ते पाहते आणि त्याच क्षणी वजा करते. क्रेडिट कार्ड असेल तर बँक लिमिट पाहते आणि तुमच्या नावावर उधारी लिहून ठेवते. वाण्याच्या वहीसारखीच उधारी, फक्त तारीख चुकली तर व्याज सावकाराचं. थोडक्यात, डेबिटमध्ये तुमचे पैसे आधी जातात आणि भांडायचं मागून. क्रेडिटमध्ये भांडण चालू असताना तुमचं बचत खातं जागच्या जागी असतं. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

नेहमीचा प्रसंग घ्या: मशीनवर व्यवहार फेल, पावती नाही, आणि मोबाइलवर मात्र पैसे कापल्याचा मेसेज. बँकेने मंजुरी दिलेली असते, पण ती मशीनपर्यंत पोचायच्या आत नेट तुटलेलं असतं. यासाठी रिझर्व्ह बँकेचा 20 सप्टेंबर 2019 चा नियम आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. एटीएममधून नोटा न येता पैसे कापले गेले तरी मुदत हीच. अशा वेळी दुकानातून लगेच निघू नका. दुकानदाराला मशीनवर शेवटचा व्यवहार काढून बघायला सांगा, फेल झाल्याची स्लिप निघाली तर घ्या, आणि आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा 12 आकडी ओळख क्रमांक, लिहून ठेवा. नुसती रक्कम आणि तारीख सांगून तक्रार रेंगाळते, आरआरएन दिला की बँकेला व्यवहार नेमका सापडतो. आणि घाईघाईने तेच कार्ड पुन्हा घासू नका, दोनदा पैसे अडकतात ते इथेच.

आता डेबिटवर 18,400 अडकले आणि खात्यात 3,000 उरले, तर ते पाच दिवस घर कशावर चालवायचं? क्रेडिटवर तेवढं लिमिट अडकतं, किराणा अडत नाही.

चोरी झाली तर हा फरक आणखी टोचतो. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने जबाबदारीच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठल्यातरी यंत्रणेतून माहिती फुटली, आणि तुम्ही 3 कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. 4 ते 7 दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर आणि 5 लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त 10,000 रुपये तुमच्या माथी, लिमिट त्याहून मोठं असेल तर 25,000. सात दिवसांनंतर बँकेचं धोरण काय सांगतं त्यावर. दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. ओटीपी किंवा पिन स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंत गेलेलं सगळं तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून आधी कार्ड ब्लॉक, लगेच बँकेकडे तक्रार, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 वर फोन. पोलीस ठाण्यात जाऊन आल्यावर बँकेला कळवू, असं करू नका. तेवढ्या दोन-तीन तासांत आणखी व्यवहार होतात.

कागदावर हे नियम दोन्ही कार्डांना सारखे. पण कळवल्यानंतर रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायला बँकेला 10 कामाचे दिवस मिळतात. पगाराच्या खात्यातून 3 तारखेला 60,000 गेले आणि 5 तारखेला गृहकर्जाचा हप्ता असेल, तर हप्ता बाउन्स होतो. मग दंड दोन्हीकडून: खातं असलेल्या बँकेचा आणि कर्ज देणाऱ्याचा. नियम पाळूनही पदरात नुकसान. क्रेडिट कार्डावर हाच प्रकार घडला तर तो आकडा बिलावर वादात राहतो, हप्ता वेळेवर जातो.

यावर साधा उपाय आहे. पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड घरी कपाटात ठेवा. रोजच्या वापराला दुसरं बचत खातं काढा, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे टाका आणि त्याचं कार्ड पाकिटात ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन, कॉन्टॅक्टलेस आणि परदेशी व्यवहार यांची वेगवेगळी बटणं असतात, लागत नाही ते बंद ठेवा. कॉन्टॅक्टलेस चालू असेल तर 5,000 रुपयांपर्यंत पिन विचारला जात नाही, म्हणजे पाकीट हरवलं तर सापडणाऱ्यालाही विचारला जाणार नाही. परदेशी वेबसाइट तर बऱ्याचदा ओटीपीही मागत नाहीत, म्हणून ते बटण गरजेपुरतंच चालू करावं.

हॉटेलात खोली घेताना अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. डेबिटवर ती तुमच्या शिल्लकेतून अडते आणि खोली सोडल्यावर सुटायला काही दिवस लागू शकतात. सहलीच्या मध्यावर खात्यात खडखडाट होतो तो यानेच. तिथे क्रेडिट कार्डच द्यावं.

एवढं वाचून क्रेडिटच बरं असं वाटेल, तर आता व्याजाचा हिशेब बघा. 50 दिवस बिनव्याजी ही जाहिरात खरी आहे, पण सगळ्या खरेदीला लागू नाही. बिल दर महिन्याच्या 18 तारखेला निघतं आणि भरायला 20 दिवस मिळतात असं धरा. 19 ऑगस्टची खरेदी 18 सप्टेंबरच्या बिलात येते, भरायची 8 ऑक्टोबरपर्यंत, मिळाले 50 दिवस. 17 सप्टेंबरची खरेदीही त्याच बिलात, मिळाले 21. मोठी खरेदी बिलाच्या तारखेनंतर करायची ती याचसाठी.

खरा घात होतो 'किमान देय रक्कम' या ओळीने. 20 ऑगस्टला 40,000 ची खरेदी, बिलावर किमान देय 2,000. तेवढे 8 ऑक्टोबरला भरले की लेट फी लागत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण उरलेल्या 38,000 वर व्याज 8 ऑक्टोबरपासून नाही, 20 ऑगस्टपासून लागतं. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. 18 ऑक्टोबरच्या पुढच्या बिलापर्यंत 59 दिवस झाले: व्याज 2,580 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 464. भरले दोन हजार, चढले तीन हजारांच्या वर. शिवाय मागचं येणं पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, 10 ऑक्टोबरला घेतलेल्या भाजीवर 10 ऑक्टोबरपासूनच व्याज. किमान रक्कम ही ओळ बिलावर नाहीच असं समजून चालावं. ऑटो-डेबिट लावताना फॉर्ममध्ये 'किमान' आणि 'पूर्ण' असे दोन पर्याय असतात, तिथे 'पूर्ण' वरच खूण करा.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नये. साधारण अडीच टक्के फी, तीही अनेक बँकांत कमीत कमी 500, आणि व्याज त्याच दिवसापासून. दोन हजार काढायला 500 फी म्हणजे चौथा हिस्सा तिथेच गेला. रोखीसाठी डेबिट, यात दुसरा विचारच नको.

'क्रेडिट कार्डाला दोन टक्के जास्त पडतील' असं सराफ किंवा मोबाइलवाले सांगतात, त्यामागचा हिशेबही समजून घ्यावा. प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराला एमडीआर, म्हणजे कार्डाने पैसे घेण्याबद्दल बँकेला द्यायचा आकार, पडतो. 2018 पासून डेबिट कार्डावर तो मोठ्या दुकानांना जास्तीत जास्त 0.90 टक्के आणि एका व्यवहाराला कमाल 1,000 रुपये, वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना 0.40 टक्के आणि कमाल 200. रुपे डेबिटवर जानेवारी 2020 पासून काहीच नाही. क्रेडिटला अशी मर्यादा नाही. दोन लाखांच्या दागिन्यांवर डेबिटने दुकानदाराचे फार तर 1,000 जातात, क्रेडिटने दोन टक्क्यांनी 4,000. म्हणून त्याचा ओढा कुठे असतो ते उघड आहे. पण डेबिट कार्डावर हा आकार गिऱ्हाइकाकडून घेऊ द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. डेबिट कार्ड पुढे केल्यावरही कोणी दोन टक्के मागितले तर देऊ नका, आणि बिलात ते वेगळे लावले असतील तर बिलाचा फोटो काढून दुकानाला मशीन देणाऱ्या बँकेकडे तक्रार करा. त्या बँकेचं नाव बहुतेक वेळा कार्डाच्या पावतीवर सगळ्यात वर छापलेलं असतं.