नळाची मुळं: तिसरी खेप

नळ म्हणजे पाणथळ जागी वाढणारं उंच गवत. त्याच्या मुळांच्या आत राहणारी बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, म्हणून मुळं आधी कॉस्टिक पोटॅशमध्ये पारदर्शक करून मग रंगवायची. मागच्या दोन्ही खेपांचा लगदा झाला होता. कॉस्टिक पोटॅशचं द्रावण 10 टक्क्यांचंच होतं, पण मी ते खळखळा उकळवलं आणि गवताच्या बारीक मुळांना ते सोसलं नाही. या वेळी भांडं गरम पाण्यात ठेवलं, 90 अंशांच्या आत, आणि दर पाच मिनिटांनी एकेक मूळ काढून बघत राहिलो.

दुसरी पंचाईत म्हणजे नळाची मुळं तरंगतात. चिखलात प्राणवायू नसतो, तो वरून मुळांतल्या पोकळ्यांमधून खाली येतो, त्या हवेमुळे. तरंगलेला भाग पिवळाच राहतो. शेवटी चहाची स्टीलची गाळणी पालथी दाबून ठेवली. (ॲल्युमिनियमची नको, पोटॅश ती खातं. कसं कळलं ते विचारू नका.)

रंगवायला व्हिनेगरमध्ये 5 टक्के फाउंटन पेनची शाई. प्रत्येक शाई चालत नाही. माझी पहिली बाटली धुण्यातच निघून गेली. एकेकाळी असल्याच नळाचे बोरू तासून शाईत बुडवायचे, मी मुळं बुडवतोय.

आणि दिसलं! काठावरच्या मुळात, 400 पटीला, पेशीच्या आत एक झुडूप: बुंधा, त्याला फांद्या, त्यांना आणखी फांद्या, शेवटी नुसता निळा धूर. हीच बुरशीची अर्बस्क्यूल. काही दिवसांतच ती विरून जाते, म्हणून नशीबच म्हणायचं. शेजारी बुरशीचे तेलाने भरलेले फुगे, आणि तिच्या तंतूंना आडपडदे नाहीत.

नळाच्या त्याच बेटाच्या गुडघाभर पाण्यातल्या मुळांत मात्र एकही झुडूप नाही. तिथे तपकिरी, आडपडद्यांचे तंतू, शाईशिवायही दिसणारे. म्हणजे डार्क सेप्टेट मंडळी, गडद आडपडदेवाली वेगळीच बुरशी. शेजारच्या लव्हाळ्यात काहीच सापडलं नाही. त्या कुळात हे नवल नाही.

आता जातींचं. झुडपं करणाऱ्या बुरशींच्या गटात 300 हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि मुळातल्या झुडपावरून जात ठरत नाही. फोटोखाली बिनधास्त ‘ग्लोमस’ (या गटातलं एक नाव) लिहिणाऱ्यांनी जरा दम धरावा. जात ठरवायला बीजाणू लागतात, म्हणून काठाचा चिखल गाळला. एकच धड बीजाणू मिळाला, पिवळसर, देठाशी कांद्यासारखा फुगीर. याच गटातल्या जायगॅस्पोरा या बुरशीचा वाटतो. पण जायगॅस्पोराचे फुगे मुळाच्या आत होतच नाहीत! मग माझ्या स्लाइडवरचे फुगे दुसऱ्याच कुणाचे तरी. की हा बीजाणूच शेजारच्या हरळीचा? येत्या रविवारी हरळी उपटतो.