पिकअपमधला पेट्रोलचा वास शोधताना

माझा पिकअप बराच जुना आहे. पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्टरवर चालणारं इंजिन, हौद्याखाली चेसिसला टांगलेली पत्र्याची टाकी आणि त्या टाकीच्या आतच पंप. केबिनमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला तेव्हा बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: जुनी गाडी आहे, थोडा वास यायचाच. मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. माझ्या गाडीचं वय काहीही असो, तिच्यातली पेट्रोलची व्यवस्था बंदिस्तच आहे. पातळ पेट्रोलला बाहेरची वाट नसते आणि टाकीतली वाफ कोळसा भरलेल्या डब्यात अडवून नंतर इंजिनात जाळली जाते. वास येतो आहे, म्हणजे ही व्यवस्था कुठेतरी उघडी पडली आहे.

अडचण ही होती की वास रोज यायचा नाही. एखाद्या दिवशी काच खाली करावी लागे, तर पुढचे कित्येक दिवस काहीच नाही. खाली डाग नाही, मायलेजमध्ये फरक नाही. अशा वेळी हाताला येईल तो भाग बदलत सुटण्याचा मोह होतो: आधी टाकीचं झाकण, मग फिल्टर, मग नळ्या. मी ठरवलं की वास कुठून येतो हे नंतर पाहू, आधी तो कधी येतो ते नीट कळू दे.

गाडीत एक वही ठेवली. वास आला की टाकीचा काटा कुठे आहे, ऊन किती आहे, इंजिन गार आहे की तापलेलं, गाडी चालू आहे की उभी आणि मागची काच उघडी आहे का, एवढं लिहायचं. वास आला नाही तरी लिहायचं, कारण न येण्याच्या नोंदीही तितक्याच कामाच्या असतात.

नाकाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पेट्रोलचा वास नाकाला फार लवकर सरावतो. काही मिनिटं त्यात बसलं की वास गेला असं वाटतं, आणि गेलेला काहीच नसतो. म्हणून मी धाकट्या भावाला घराबाहेर बोलवायचो आणि मोकळ्या हवेतून आल्या आल्या केबिनमध्ये डोकं घालायला सांगायचो. त्यानेच पहिल्यांदा सांगितलं, "दादा, वास डॅशबोर्डकडून नाही येत. सीटच्या मागून येतोय."

कामाला हात घालण्याआधी आगीचा विचार करावा लागतो, आणि तो मी अगदी मनापासून करतो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या रोजच्या हवेत ती कायमच पेटायला तयार असते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या जवळ गेलं तरी ठिणगी पुरते. शिवाय ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. म्हणून गाडी उघड्यावर उभी केली, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर नाही. इंजिन चालवायची गरज नसेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. उजेडाला काचेचा बल्ब नाही, एलईडी टॉर्च. पेट्रोलच्या आगीला चालणारं अग्निशामक हाताशी. हे सगळं जमत नसेल तर हे काम घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

भावाने मागे बोट दाखवलं असलं तरी इंजिन आधी निकालात काढलं, कारण तिथे गळती झाली तर धोका सगळ्यात मोठा. तापलेला एक्झॉस्ट शेजारीच असतो. पहिला प्रश्न वासाच्या जातीचा होता. इंजिन जास्त पेट्रोल ओढत असेल तर सायलेन्सरमधून येणारा वास डोळ्यांना झोंबतो, त्यात धुराची कडवट छटा असते. माझ्या गाडीतला वास पंपावर नोझल टाकीत घातल्यावर येतो तसा, कच्च्या पेट्रोलचा होता. त्यामुळे सेन्सर आणि प्लग यांच्या मागे लागायचं कारण उरलं नाही.

मग इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब नेमका ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर पाहिला. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून सरळ इंजिनात जातं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. ती नळी काढून पाहिली, आतून कोरडी होती. इंजेक्टरच्या ओ-रिंगभोवती, म्हणजे रबरी सीलभोवती, टॉर्च फिरवली. पेट्रोल पाझरत असेल तर मळक्या धातूवर तेवढाच भाग धुतल्यासारखा दिसतो किंवा तपकिरी कडा उमटते. तसं काही नव्हतं. कोळशाचा डबा काढून हलवला, आत पेट्रोल डचमळत नव्हतं. पेट्रोलच्या लाइनला दाब मोजणारं गेज लावून इंजिन चालवलं तर दाब बरोबर होता आणि बंद केल्यावर काटा अगदी सावकाश उतरत गेला.

ही दाबाची तपासणी अनेक जण शेवटचा शब्द मानतात. तिची मर्यादा लक्षात घ्यायला हवी. काटा भराभर उतरला तरी पेट्रोल बाहेरच गळतंय असं सिद्ध होत नाही. पंपाच्या तोंडाशी असलेली झडप किंवा इंजेक्टर आतल्या आत पेट्रोल सोडत असेल तरी तो पडतो. आणि काटा टिकला, तर फक्त पंपापासून इंजेक्टरपर्यंतची दाबाची लाइन शाबूत आहे एवढंच कळतं. टाकीचा माथा, भरण्याची नळी, वाफेच्या नळ्या यांच्यावर पंपाचा दाब नसतोच. तिथे भगदाड असलं तरी गेजला पत्ता लागणार नाही.

तोपर्यंत वही बोलायला लागली होती. जोराच्या वासाच्या जवळजवळ सगळ्या नोंदी टाकी भरल्यानंतरच्या होत्या, काटा पाऊणच्या वर असतानाच्या. त्यातही सकाळी भरून दुपारी उन्हात उभी केलेली गाडी सगळ्यात वाईट. काटा खाली आला की तो उग्र वास बंद.

यामागचं कारण साधं आहे. पेट्रोल तापलं की फुगतं, एका अंशाला साधारण हजारात एक भाग. ७० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं तर जवळपास एक लिटरने वाढतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत ते माथ्याला जाऊन भिडतं. शिवाय माझ्यासारख्या इंजिनात जास्तीचं पेट्रोल रेग्युलेटरमधून परत टाकीत येतं आणि येताना इंजिनची उष्णता घेऊन येतं. लांबचा रस्ता झाला की टाकी आतूनही तापलेली असते. म्हणजे संशय टाकीच्या वरच्या भागावर होता: पंप बसवलेल्या तोंडाचं सील, तिथे जोडलेल्या नळ्या आणि भरण्याच्या गळ्याचा रबरी पाइप.

पाच-सहा नोंदी मात्र या हिशोबात बसत नव्हत्या. टाकी अर्धी, गाडी उन्हात उभी, आणि वास अगदी मंद. त्यांना मी अपवाद म्हणून खोडलं नाही, बाजूला खूण करून ठेवली.

गळ्याचा पाइप खालून दिसतो. त्याच्या दोन्ही टोकांना आणि झाकणाभोवती स्वच्छ पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या, दिवसभर गाडी चालवली, मग प्रत्येक पट्टी गाडीपासून लांब नेऊन वेगवेगळी हुंगली. तिन्ही साफ निघाल्या. ही युक्ती फुकटची आहे आणि फार विश्वासाची आहे.

टाकीचा माथा पाहायचा तर सहसा टाकी उतरवतात. पिकअपमध्ये याहून चांगला मार्ग असतो: हौदा उचलायचा. तो चेसिसवर मोजक्या जाड बोल्टांवर बसलेला असतो. बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल पाजलं. सकाळी भरण्याच्या गळ्याचे स्क्रू काढले, मागच्या दिव्यांचा प्लग आणि अर्थिंगची पट्टी सोडवली, एका बाजूचे बोल्ट काढले, दुसऱ्या बाजूचे सैल केले. मग सगळ्यांनी मिळून हौदा एका अंगाने उचलला आणि खाली जाड लाकडी तुळया लावून पक्का टेकवला. टेकू हलत नाही याची खात्री होईपर्यंत कुणालाही खाली हात घालू दिला नाही.

टाकी मुद्दाम जवळजवळ भरलेली ठेवली होती, कारण रिकाम्या टाकीवर हा दोष दिसलाच नसता. माथ्यावर वर्षानुवर्षांची माती थापली गेली होती. पंपाच्या तोंडाभोवतीची माती इतर ठिकाणापेक्षा काळपट होती. ती पुसून कोरडी केली आणि गाडी बाजूने झुलवायला सांगितली. पेट्रोल आत हिंदकळलं आणि सीलच्या एका बाजूने ओली चंद्रकोर उमटली. क्षणात उडूनही गेली. खाली डाग का पडत नव्हता याचं उत्तर तिथेच मिळालं: जे पाझरत होतं ते माती पीत होती, उरलेलं जमिनीवर पडण्याआधी वाफ होत होतं.

तिथूनच कोळशाच्या डब्याकडे जाणारी वाफेची नळी निघते. वरून ती ठणठणीत दिसत होती. बोटांनी वाकवून पाहिली तर वळणाच्या खालच्या अंगाला रबर चिरलेलं. खूण करून ठेवलेल्या त्या मंद वासाच्या नोंदी इथल्या होत्या. फक्त सील बदललं असतं तर मोठा वास गेला असता आणि हा राहिला असता.

दुरुस्ती शोधापेक्षा सोपी होती. हातपंपाने पेट्रोल काढून बंद डब्यांत भरलं, लाइनमधला दाब सोडला. टाकी उघडण्याआधी सगळी माती नायलॉनच्या ब्रशने काढली. मोटरचा व्हॅक्यूम क्लीनर इथे चुकूनही वापरू नये, त्याच्या आत ठिणग्या पडतात. पंप अडकवणारी कडी गंजलेली होती. ती पितळी सळईने हळूहळू ठोकून फिरवली, लोखंडावर लोखंड मारलं नाही. जुनं सील बाहेर आलं ते चपटं आणि कडक झालेलं. बसण्याची खाच साफ करून नवं सील आणि नवी कडी घातली.

नळ्या घेताना त्यांच्यावरचा छाप वाचावा. एसएई जे३० हे नळ्यांच्या दर्जाचं मानक आहे. वाफेच्या आणि कमी दाबाच्या लाइनला त्यातली आर७ चालते, इंजेक्शनच्या दाबाला आर९ लागते, आणि टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारी नळी आर१० हवी. साधी नळी आतून पेट्रोल सहन करते, बाहेरून बुडवली की तिचं वरचं आवरण सुटत जातं. दाबाच्या नळीवर क्लिपही गोल कडांची, अखंड पट्टीची घ्यावी. खाचा पाडलेली क्लिप आवळली की रबर कापते.

टाकी उघडली आहे तर पंपही बदलून टाक, असा सल्ला मिळाला. मी बदलला नाही. दाब चांगला होता आणि चालणारा भाग काढून अनोळखी भाग बसवणं मला पटत नाही.

हौदा परत बसवण्याआधी टाकी भरून पुन्हा झुलवून पाहिली. सील कोरडं राहिलं. मग बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावून हौदा आवळला आणि वहीतली सगळ्यात वाईट परिस्थिती मुद्दाम तयार केली: सकाळी भरलेली टाकी, लांबची फेरी, दुपारचं ऊन, मागची काच उघडी. भावाने डोकं घातलं आणि नुसती मान हलवली. अर्ध्या टाकीवरही तेच.

एक काम मी शेवटपर्यंत मागे ठेवलं होतं. केबिनच्या मागच्या भिंतीत हवा बाहेर जाण्याच्या झडपा असतात. त्यांच्या कडेचा फोम पार भुगा झाला होता. चालत्या पिकअपच्या केबिनमागे हवेचा दाब कमी होतो, तिथे भोवरा तयार होतो, आणि हौद्याखालची हवा वर ओढली जाऊन अशा फटींतून आत शिरते. वास सीटमागून यायचा तो याच वाटेने. हा फोम आता बदलला, कारण एक्झॉस्टचा धूरही त्याच वाटेने आत येऊ शकतो. तो आधीच बदलला असता तर केबिनमधला वास गेला असता, आणि टाकीच्या माथ्यावर पेट्रोल तसंच पाझरत राहिलं असतं.