तुम्ही विचारलंत म्हणून: जुना फोरट्रान सरळ पायथनमध्ये का नको?

नाशिकच्या कारखान्यांत, सातपूर-अंबडपासून सिन्नरपर्यंत प्रश्न एकच: इथेनॉल आणि पाणी उकळून वेगळं करणाऱ्या मनोऱ्याचं, म्हणजे डिस्टिलेशन कॉलमचं, गणित करणारा फोरट्रान ७७ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम पडलाय, तो सरळ पायथनमध्ये का उतरवू नये?

उतरवा की. पण आधी जुन्याची उत्तरं बांधून ठेवा. पंधरा-वीस इनपुट फाइली निवडा: नेहमीचा फीड (कॉलममध्ये येणारं मिश्रण), अगदी पातळ फीड, कमी रिफ्लक्स (माथ्यावरून परत खाली सोडलेला द्रव), आणि कन्व्हर्ज न होणारी, म्हणजे जिचं गणित उत्तरावर स्थिरावतच नाही अशी, एखादी तर हवीच. कॉलममधल्या प्रत्येक प्लेटचं (थराचं) तापमान, कॉम्पोझिशन (घटकांचं प्रमाण), इटरेशनची (गणिताच्या फेऱ्यांची) संख्या, सगळं साठवा. नव्या प्रोग्रामची उत्तरं याच्याशी ताडायची; शेवटच्या अंकापर्यंत जुळणार नाहीत. कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) बदलला की तेवढं हलतंच.

मग प्रोग्रामच्या फाइलला हात लावा, तोही जपून. जुन्या फोरट्रानमध्ये ओळ ७२व्या रकान्यात संपते, पुढचं कंपायलर गुपचूप सोडून देतो. समजा बाष्पदाबाची ओळ मिमी पाऱ्यातून किलोपास्कलमध्ये नेणाऱ्या ०.१३३३२२ या आकड्यावर बरोबर ७२व्या रकान्यात संपते. कुणी नीटनेटकेपणासाठी ती चार जागा आत सरकवली, की उरतं ०.१३. एरर नाही, काही नाही. दाब अडीच टक्क्यांनी उतरतो. दोन्ही घटकांचा सारखाच उतरतो, म्हणून कॉम्पोझिशन जवळपास तेच दिसतं आणि तापमान पाऊण अंशाच्या आसपास चुकतं. एवढा फरक लोक थर्मामीटरच्या माथी मारून मोकळे होतात!

दुसरं दुखणं: सबरूटीनमधले, म्हणजे प्रोग्रामच्या पुन्हापुन्हा बोलावल्या जाणाऱ्या तुकड्यांमधले, व्हेरिएबल. जुने कंपायलर बहुधा त्यांची किंमत पुढच्या कॉलपर्यंत जपत, नवे जपतीलच असं नाही. जिथे ती किंमत लागते तिथे ‘सेव्ह’ लिहा. प्रत्येक रूटीनमध्ये ‘इम्प्लिसिट नन’ टाका, म्हणजे जाहीर न केलेलं नाव कंपायलर चालवून घेत नाही. टायपिंगच्या चुका तिथेच उघड्या पडतात. कॉमन ब्लॉकमधला (रूटीनांनी वाटून घेतलेल्या व्हेरिएबलच्या यादीतला) क्रम सगळीकडे तोच आहे ना, हे मात्र वेगळं पाहावं लागतं.

आता नाशिकचा मुद्दा. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. हवेचा दाब ७१० मिमीच्या आसपास, पाणी ९८ अंशांना उकळतं. जुन्या प्रोग्राममध्ये समुद्रसपाटीचा ७६० मिमी दाब ठोकून बसवलेला असतो, त्यामुळे वातावरणाला उघड्या कॉलमच्या माथ्याचं तापमान दीड-पावणेदोन अंश जास्त येतं. ही चूक दिसताच दुरुस्त करावीशी वाटते. करू नका. नवा प्रोग्राम आधी ७६० वरच चालवून जुन्या चुकीच्या उत्तराशी जुळवा, नाहीतर फरक दाबामुळे पडला की उतरवताना झालेल्या चुकीमुळे, हे कळणार नाही. ७६० बदलायचं काम त्यानंतर, वेगळं.