आज बाबांनी कॉर्व्हेटला चुंबक लावलं

आमच्या रस्त्याच्या टोकाला एका आजोबांनी १९६२ ची शेव्हरले कॉर्व्हेट, म्हणजे अमेरिकन स्पोर्ट्स कार, विकायला काढलीय. लालभडक, कन्व्हर्टिबल, रिस्टोअर केलेली. सांगलीहून आलेले बाबा म्हणाले, "चल, बघून येऊ." घ्यायची कुणाला होती!

जुन्या फियाटींचा दांडगा अनुभव, त्यामुळे फ्रिजवरचं चुंबक खिशात. पुट्टी भरलेल्या पत्र्याला चुंबक धरत नाही, हे त्यांचं शास्त्र. दाराला लावलं, पडलं. बॉनेटला, पडलं. माझ्या कानात, "अगं, नुसती पुट्टी आहे!"

आजोबा हसून हसून बेजार. कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासून फायबरग्लासचीच, पत्रा नाहीच, मग चुंबक धरणार कशाला? गंजते ती खालची स्टीलची चासी. मग काय, बाबा ड्राइव्हवेवर सरळ आडवे, मोबाइलचा टॉर्च लावून! एक वेल्डिंगचं ठिगळ त्यांनी शोधलंच, आणि आजोबांनी ते निमूट कबूलही केलं.

इंजिन ५.४ लिटरचं, व्ही-८. सुरू केल्यावर बाबा गप्पच झाले. डिकी तीनदा उघडून मिटली. (बाहेरून उघडणारी डिकी कॉर्व्हेटला यानंतर थेट १९९८ मध्ये मिळाली म्हणे.)

घरी आल्यावर चुंबक फ्रिजवर परत लावलं, आणि एकदा ओढून बघितलं.