बॅटरी १२.६ व्होल्ट, तरी सेल्फ लागेना

पावसाळाभर स्कूटर सोसायटीच्या शेडमध्ये उभी होती. गणपतीच्या तोंडावर बाहेर काढली, तर सेल्फ मारला की नुसती टकटक. किकवर मात्र लगेच चालू. रात्रभर बॅटरी चार्जिंगला लावली, तरी तेच. मेकॅनिक म्हणाला, "सेल्फची मोटर गेलीय." खर्चाचा आकडा ऐकून घरी आलो आणि मल्टीमीटर काढला. बॅटरी १२.६ व्होल्ट! म्हणजे मोटरच गेली की काय?

मग बारावीचा प्रयोग आठवला: पोटेन्शिओमीटरवर (लांब तारेवर व्होल्टेज ताडून बघायचं उपकरण) लेक्लांशे नावाच्या साध्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच करंटला होणारा अडथळा, काढणे. (रीडिंग शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवली होती, ते सोडा.) गोम एवढीच, की सेलमधून करंट ओढला नाही तर व्होल्टेज पूर्ण दिसतं, ओढला की त्यातलं थोडं सेलच्या पोटातच खर्च होतं. मल्टीमीटर घेतो मायक्रोअँपिअर. त्याच्यापुढे मरायला टेकलेली बॅटरीही ऐटीत १२.६ दाखवणार.

तेव्हा तिला कामाला लावलं. टर्मिनल पॉलिश पेपरने घासले, हेडलाइटचा जुना ३५ वॉटचा बल्ब जोडला आणि मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवल्या, वायरमधली घट हिशेबात नको म्हणून. बल्ब पिवळट लागला. मीटरवर १०.४. करंट २.७ अँपिअर. म्हणजे २.२ व्होल्ट आतच गडप! २.२ भागिले २.७, रोध सुमारे ०.८ ओहम. एवढा रोध पोटात असल्यावर दोन्ही टोकं थेट जोडली तरी जेमतेम १५ अँपिअर निघणार. सेल्फला पहिल्या झटक्याला त्याहून बरेच जास्त लागतात. पडून पडून प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक थर बसला असणार. मोटर बिचारी निर्दोष.

या गडबडीत एक गाढवपणाही झाला. करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहिली आणि मी व्होल्टेज बघायला पिना टेकवल्या. त्या भोकात मीटर म्हणजे जवळपास सरळ वायरच, बॅटरीची दोन्ही टोकं थेट जोडली गेली. चर्रकन ठिणगी, पिनेचं टोक काळं. बॅटरी दमलेली म्हणून मीटर वाचला.

नवी बॅटरी घ्यायला जाताना बल्ब आणि मीटर पिशवीत टाकले. दुकानातच जोडून पाहिलं: १२.७२ वरून १२.६३. दुकानदार आधी बल्बकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "काका, वॉरंटी आहे की!"